बोगद्यापलीकडे कॅनडा

बातमी आली तेव्हा मी ड्युटीवर होते. सकाळचे साडेदहा झाले असतील. बायकांच्या वॉर्डात एका आजींचं सलाईन बदलत होते आणि खिशातला फोन थरथरायला लागला. कामावर असताना मी फोन घेत नाही, पण गेली दोन वर्षं एका नंबरासाठी तो नियम मोडत आले होते. गोंदियाला लागून असलेल्या फुलचूरला आमचं घर आहे. समोर राहणाऱ्या काकू मी नसताना माझ्या वडिलांकडे लक्ष देत. त्यांचा फोन म्हणजे बाबा कुठेतरी निघून गेले, नाहीतर पडले, नाहीतर जेवणाचं ताट सरकवून बसले. त्या दिवशी काकू एवढंच म्हणाल्या, "शालू, तू ये घरी. घाई नोको करू. पण ये." घाई करू नको म्हणाल्या तिथंच मला कळलं. मी सलाईनचे थेंब नीट लावले, आजींचा हात चादरीखाली घेतला, नोंद केली. वॉर्डातल्या मावशींनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "दीदी, आप जाओ, मैं देखती."

ऑटोत बसल्यावर मनात पहिल्यांदा जे आलं ते लिहावं की लिहू नये, याचा मी सहा आठवडे विचार करते आहे. लिहूनच टाकते. मनात आलं, आज दुपारी झोपता येईल... मग रेल्वेचं फाटक लागलं, ऑटो थांबला, आणि मला माझीच एवढी लाज वाटली की मी ओढणीनं तोंड झाकून घेतलं. ऑटोवाल्याला वाटलं धुळीमुळे. घरी पोचले तर बाबा व्हरांड्यात, उन्हात, खुर्चीवर मान छातीवर टाकून बसलेले. जवळ चहाचा रिकामा कप. चहा पूर्ण पिऊन गेले, हेच काकू येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होत्या, जणू त्यातच सगळं समाधान होतं. मी कॅनडाला फोन लावला, माझ्या धाकट्या भावाला, मिलिंदला. दोन वाक्यांत सांगितलं. तो रडला. मोठ्यानं, खूप वेळ, मध्येच श्वास अडकत. मी फोन कानाला धरून उभी राहिले आणि त्याला थांब म्हटलं नाही. हे रडणं बाबांनी ऐकायला हवं होतं, असं वाटत राहिलं. ते का, हे सांगायला मला जरा मागे जावं लागेल.

बाबांचं नाव सुखदेव. चिचगडच्या एका शेतमजुराचा मुलगा. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि पोरांना शाळेत घातलं, त्यातले आमचे बाबा सातवीपर्यंत टिकले आणि रेल्वेत गँगमन म्हणून लागले. पुढे कीमन झाले. दरेकसा हे डोंगर-जंगलातलं छोटं स्टेशन, त्याच्यापुढे बोगदा. त्या टापूत त्यांनी चौतीस वर्षं काढली. कीमनचं काम काय, हे गाडीत बसणाऱ्यांना सहसा माहीत नसतं. रूळ ज्या चाव्यांनी खालच्या आडव्या पट्ट्यांना, म्हणजे स्लीपरला, धरून ठेवलेला असतो, त्या चाव्या गाड्यांच्या धक्क्याने सैल होतात. रोज सकाळी खांद्यावर हातोडा आणि पाना, काखेत लाल-हिरवी झेंडी घेऊन आपल्या हद्दीच्या टोकापर्यंत चालत जायचं, सैल चावी दिसली की ठोकायची, आणि दुसऱ्या रुळाच्या बाजूने परत यायचं. गाडी आली की बाजूला उभं राहायचं. खिडकीतून कुणी पाहिलं तर बाबा हात करत, पण खिडकीतून कुणी फारसं पाहत नसे. अस्वल दिसलं तर रुळावर हातोडा वाजवायचे. त्याचा आवाज आम्हाला क्वार्टरपर्यंत यायचा आणि माय चुलीजवळून म्हणायची, "आलं वाटते काही." रेल्वेच्या पासवर प्रवास म्हणजे लग्नं, मयती आणि वर्षातून एकदा दीक्षाभूमी. फिरायला म्हणून बाबा कधी गाडीत बसले नाहीत. ते म्हणत, "गाडी मले खालून मालूम आहे."

मिलिंद हुशार होता. तो इंजिनिअर झाला, पुण्यात काही वर्षं राहिला, मग बायकोसह कॅनडाला गेला. मी नर्सिंग करून गोंदियातच राहिले. लग्न केलं नाही. त्याची कारणं इथे नकोत. बाबा रिटायर झाल्यावर आम्ही फुलचूरला घर बांधलं आणि सात-आठ वर्षं बरी गेली. मग मायच्या किडन्या गेल्या. ती गेली तेव्हा मिलिंदचे तिकडचे कागद अशा टप्प्यावर होते की देश सोडला असता तर परत जाता आलं नसतं. तो आला नाही. त्याने फोन केला, आणि फोनवर फार शहाण्यासारखा बोलला. कोणते डॉक्टर होते, शेवटी त्रास झाला का, दाखला कधी मिळेल. मी स्पीकर लावला होता. बाबा भिंतीला टेकून बसले होते, ते सगळं ऐकत होते. शेवटी मिलिंद म्हणाला, "बाबा, काळजी घ्या." बाबा म्हणाले, "हाव." आणि मला खुणेने फोन बंद करायला सांगितलं.

त्यानंतर चार वर्षं दर रविवारी फोन येई आणि बाबा तीन वाक्यं बोलत. जेवला का. पोरगी बरी आहे का. ठेवतो. असं का, हे मी कधी विचारलं नाही. विचारायला वेळ नव्हता असं म्हणते मी, पण खरं तर ताकद नव्हती. माझी पन्नाशी उलटली होती. वॉर्डातून घरी यायचं, स्वयंपाक, बाबांची शुगर, गुडघ्यांचं तेल, पुन्हा वॉर्ड. त्यातच बाबा एखादी गोष्ट दोनदा विचारू लागले होते. गॅस सुरू ठेवत. मी ते म्हातारपणाच्या खात्यात टाकलं... नर्स असूनही.

तेव्हा मिलिंदने बेत काढला. म्हणाला, "ताई, तू आणि बाबा इकडे या. आपण सगळे गाडीनं कॅनडा पाहू. टोरांटोहून बसायचं आणि पार पश्चिमेला समुद्रावर उतरायचं. चार रात्री, पाच दिवस, एकच गाडी. बाबांना दुसरं काय दाखवू मी?" त्याचा आवाज लहानपणीसारखा झाला होता. मी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आणि मग त्यांना ठेवून घे." "किती दिवस?" त्याने विचारलं. मी म्हणाले, "सहा महिने. मिल्या, मी थकले रे." तो हो म्हणाला. बाबांना गाडीतच, निवांतपणे, तो स्वतः सांगेल असं ठरलं. म्हणजे नातेवाइकांना आम्ही कॅनडा बघायला जातोय असं सांगत होतो, पासपोर्टच्या ऑफिसात बाबा नवा शर्ट घालून फोटोसाठी ताठ बसले होते, आणि मी त्यांना पोचवायला चालले होते.

बाबा आधी तयारच नव्हते. "कायले जाऊ मी तिकडे?" हे महिनाभर चाललं. मी गाडीचं सांगितलं. चार रात्री एकच गाडी, म्हटल्यावर ते जरा थांबले. "इंजन बदलते का मधात?" त्यांनी विचारलं. मला माहीत नव्हतं. "पाहू मंग," म्हणाले. होकार तो तेवढाच.

टोरांटोला मिलिंदच्या घरी आठवडाभर राहून आम्ही गाडीत बसलो. मी, बाबा, मिलिंद, त्याची बायको अश्विनी आणि आठ वर्षांची ओवी. चांदीसारख्या चकचकीत पत्र्याचे डबे, झोपायचे छोटे कप्पे, जेवायचा वेगळा डबा, आणि एका डब्याला वर काचेचं छप्पर. जिना चढून वर बसायचं आणि चारी बाजूंनी देश पाहायचा. पहिला पूर्ण दिवस नुसतं जंगल आणि तळी. तळं संपलं की जंगल, जंगल संपलं की तळं. अश्विनी फोटो काढत होती. बाबांनी मात्र मान वर केली नाही. ते शेजारच्या रुळाकडे पाहत होते. बऱ्याच वेळाने मला हाताला धरून दाखवलं, "शालू, लाकडाचे स्लीपर हायेत." आपल्याकडे सिमेंटचे येऊन किती वर्षं झाली, आणि एवढ्या मोठ्या देशात अजून लाकूड, यावर त्यांचा विश्वासच बसेना. मग दुसरा प्रश्न. एवढा रूळ गेला, पण माणूस एकही दिसला नाही. "मंग पाहते कोण याले?" मिलिंदने सांगितलं की मशीन येते, सगळं तपासते. बाबा म्हणाले, "मशीन बरोबर आहे. पण मंग लाइनीवर कोणीच नाही?" आणि पुढे कितीतरी वेळ खिडकीशी कपाळ टेकून बसले. कुणीतरी दिसेल म्हणून पाहत असावेत.

दुसऱ्या दिवशी एका लहानशा ठिकाणी गाडी थांबली. लोक पाय मोकळे करायला उतरले. बाबा उतरले आणि फलाटाच्या कडेला सरळ गुडघ्यावर बसून वाकले, हात लांब करून रुळाला लावला. डब्याचा एक पांढऱ्या केसांचा अटेंडंट घाबरून धावत आला. मिलिंदने त्याला इंग्रजीत सांगितलं, हे माझे वडील, आयुष्यभर रुळांवर काम केलं आहे. त्या माणसाने बाबांना दंडाला धरून उठवलं आणि गुडघ्यावरची धूळ झटकली. त्यानंतर समोरून मालगाडी येणार असली की तो आमच्या डब्यात येऊन कुठल्या बाजूने जाणार ते बोटाने दाखवायचा, आणि बाबा त्या बाजूला जाऊन बसायचे. ओवी त्यांच्या मांडीला टेकून बसायची. ती इंग्रजीतून विचारायची, बाबा आपल्या बोलीतून सांगायचे, आणि दोघांचंही काही अडत नव्हतं. मालगाडीचे डबे दोघं मिळून मोजत. एकदा दीडशेच्या पुढे गेल्यावर ओवी चुकली आणि बाबा इतके हसले की मी दचकून पाहिलं. माय गेल्यापासून मी तो आवाज ऐकला नव्हता.

मिलिंद मात्र ठेवून घेण्याचा विषय काढत नव्हता. पहिल्या दिवशी म्हणाला उद्या. दुसऱ्या दिवशी मी त्याच्याकडे पाहिलं की तो कॉफी आणायला उठायचा. मला राग येत होता. आणि बाबा हसत होते म्हणून तो राग आणखी वाढत होता, हेही खरं आहे.

तिसऱ्या दिवशी सपाट मुलूख लागला. क्षितिजापर्यंत कापणीला आलेला गहू, मध्ये एक झाड नाही. आणि तिथे गाडी थांबली. तिकडे मालगाड्यांना आधी वाट देतात, प्रवासी गाडी बाजूला उभी राहते. एक तास गेला, दुसरा गेला. लोक वैतागले, अश्विनी ओवीला घेऊन खाली झोपायला गेली. काचेच्या डब्यात आम्ही तिघंच एका बाकाच्या आसपास उरलो. दुपारचं ऊन. बाबा बाहेर पाहत होते आणि बाहेरच पाहत बोलले.

"मिलिंद, तुले काई सांगायचं आहे. दोन दिवसापासून पाहून राहिलो मी. सांगून टाक ना."

मिलिंदने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. तेव्हा बाबाच म्हणाले, "राहतो मी तुझ्याघरी. पेन्शनचे कागद बॅगेत आणले आहेत. शालूले झोप पाहिजे. मले दिसत नाही का?"

मी दोन महिने लपवलेली गोष्ट त्यांनी घरून निघतानाच बॅगेत भरून आणली होती. मग मिलिंद बोलायला लागला, पण भलतंच. मायचं. आपण का आलो नाही, कागद कुठे अडकले होते, वकील काय म्हणाला. चार वर्षं पाठ केल्यासारखं सगळं एकापाठी एक सांगत होता. बाबांनी त्याला बोलू दिलं. मग सांगितलं की त्यांचे वडील, म्हणजे आमचे आजोबा, चिचगडला वारले तेव्हा ते स्वतः गेले नव्हते. बोगद्याच्या तोंडाशी दरड आली होती, दोन्हीकडे गाड्या उभ्या, सगळी गँग माती काढत होती. स्टेशनमास्तरांनी निरोप सांगितला आणि बाबा पुन्हा फावडं घेऊन लागले. दोन दिवसांनी चिचगडला पोचले तर सगळं आटोपलं होतं. ही गोष्ट त्यांनी आम्हाला कधीच सांगितली नव्हती. मायला सांगितली होती की नाही, मला माहीत नाही.

मिलिंदने हळूच विचारलं, "मग माझ्यावर राग का होता?"

बाबा म्हणाले, "तू आला नाही त्याचा नोहता. मीई नोहतो गेलो. पण मी माती काढताना रडून राहिलो होतो, साऱ्या गँगनं पाह्यलं. तू फोनवर रडला नाही. मले वाटलं, याले काई झालंच नाही."

मिलिंदने सांगितलं की तो ऑफिसच्या पॅसेजमध्ये उभा होता, लोक येत-जात होते. फोन ठेवल्यावर तो स्वतःच्या कारमध्ये जाऊन बसला आणि संध्याकाळपर्यंत तिथून हलला नाही. बाबांनी ऐकलं. मग विचारलं, "जेवला होता का त्या दिवशी?" तेवढंच. मालगाडी आली. एवढ्या लांबीची मालगाडी, आणि त्या वेळी बाबांनी डबे मोजले नाहीत.

चौथ्या दिवशी पहाड आले. ज्यांच्यासाठी लोक जगभरातून ती गाडी पकडतात ते बर्फाचे पहाड. काचेचा डबा भरून गेला, ज्याच्या-त्याच्या हातात कॅमेरा, खाली हिरवी नदी... आणि बाबा गाढ झोपले होते. तोंड उघडं, हात पोटावर. अश्विनी म्हणाली, उठवूया, एवढ्या लांबून आलेत. मिलिंदने उठवू दिलं नाही. तो शेजारी बसून राहिला, बाबांच्या बाजूची उन्हाची तिरीप स्वतःच्या पाठीने अडवून. त्यानेही पहाडांकडे पाठच केली होती.

समुद्रकाठच्या त्या शेवटच्या स्टेशनावर आम्ही उतरलो. मी तिथूनच भारतात परतणार होते, ते सगळे विमानाने टोरांटोला. निघताना मी बाबांना औषधांच्या वेळा सांगत होते, त्यांनी मध्येच थांबवलं. "जाय. झोप चांगली." मी मागे वळून पाहिलं नाही.

तीन महिने मी खरंच झोपले. याबद्दल खोटं बोलणार नाही, ते महिने चांगले गेले. सुट्टीच्या दिवशी दहा वाजता उठायचे, एकटीपुरता भात लावायचे, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या तयारीला विहारात बायकांसोबत बसायचे. बाबा रविवारी फोनवर भरभरून बोलत. मग एक दिवस मिलिंदचा फोन आला, तो हसत होता. बाबा सकाळी घराबाहेर पडले आणि दोन मैलांवरच्या रेल्वेलाईनवर चालताना पोलिसांना सापडले. तिकडे रुळांवर जायला बंदी आहे. बाबा त्यांना एका जागी नेऊन रूळ दाखवत होते आणि त्यांची भाषा कुणाला कळत नव्हती. दुसऱ्यांदा गेले तेव्हा मिलिंद हसला नाही. तिसऱ्यांदा सापडले तेव्हा त्यांना घर कुठे ते सांगता आलं नाही, मुलाचं नाव सांगता आलं नाही. डॉक्टरांनी तपासण्या केल्या. मला तपासण्या वाचून दाखवायची गरज नव्हती. मिलिंद म्हणाला, "ताई, मी ठेवतो, पण दिवसभर आम्ही दोघंही कामावर, आणि आता बर्फ पडेल..." त्याला पुढचं वाक्य बोलायला लागू नये म्हणून मीच म्हणाले, "घेऊन ये." तो स्वतः घेऊन आला, पाच दिवस राहिला, गेला.

मग ती दोन वर्षं. त्यांचं वर्णन मी करणार नाही. ज्यांच्या घरात असं माणूस आहे त्यांना ते माहीत आहे, आणि इतरांना सांगून कळणार नाही. बाबा रोज सकाळी कामावर निघत. हातोडा मागत. नाही म्हटलं तर कोयंडा ओढत. पण एक गोष्ट त्यांच्या डोक्यात पक्की बसली होती, ती म्हणजे ती गाडी. फक्त ती आता दरेकशाहून सुटत होती. काकू दुपारी भाजी निवडायला येऊन बसल्या की बाबा त्यांना सांगत, "बोगद्याच्या तिकडे निंगालं का तळी लागते. मंग सपाट, निस्ता गहू. मंग बर्फाचे पहाड." काकू विचारत, "अन् मंग?" बाबा म्हणत, "मंग मिलिंदचं घर." जे पहाड त्यांनी झोपेत काढले, ते कुठून आले कोण जाणे. मी सुरुवातीला दुरुस्त करायचे... बाबा, ते विमानाने बारा हजार किलोमीटर आहे. ते माझ्याकडे नवख्या माणसाकडे पाहावं तसं पाहत. नंतर मी सोडून दिलं. बोगद्यापलीकडे कॅनडा असला तर कुणाचं काय जातंय?

मिलिंद व्हिडिओ कॉल करी. एकदा बाबांनी बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुमी कोण्या गँगचे?" मिलिंद म्हणाला, "दरेकशाच्या." बाबांनी मान हलवली. "बरं हाय मंग," म्हणाले. गव्हाच्या शेतात जे बोलणं झालं होतं ते त्यांच्याकडून केव्हाच पुसलं गेलं होतं. ते आता आम्हा दोघांकडेच आहे. मिलिंद म्हणतो, असू दे, झालं तर होतं.

मला एक कबूल करायचं आहे, आणि ते मी मिलिंदलाही आधी सांगितलेलं नाही. एकदा लागोपाठ दोन ड्युट्या झाल्या होत्या, बाबा आदल्या दिवशी हायवेपर्यंत गेले होते, आणि मी सकाळी बाहेरून कुलूप लावून कामावर गेले. काकू गावाला गेल्या होत्या. आठ तासांनी आले तर बाबा दाराच्या आतल्या बाजूला जमिनीवर बसलेले. ओरडले नव्हते, काही नाही. मला म्हणाले, "साहेब, आज हजेरी नाही लागली माझी." मी तिथेच उंबऱ्यावर त्यांच्यासमोर बसले.

काकू परत आल्यावर त्यांना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्यांच्या विकलेल्या बैलाच्या गळ्यातली घंटी आणली आणि आमच्या दाराच्या कडीला सुतळीने बांधली. म्हणाल्या, "कुलूप नोको लावू. वाजलं का मी पाहतो." पुढचं दीड वर्ष असंच गेलं. घंटी वाजली की काकू हातातलं टाकून बाहेर येत, बाबांच्या मागोमाग रस्त्याच्या टोकापर्यंत चालत जात, तिथे त्यांना म्हणत, "बाबा, ड्युटी झाली, चला चहा घेऊ," आणि परत आणत. कधी दिवसातून चारदा. मी त्यांची कोण लागते? कुणीच नाही.

बाबा गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी मिलिंद पोचला. पुण्यानुमोदनाला माणसं बरीच आली. दरेकशाचे जुने गँगमन आले, त्यातल्या दोघांना नीट चालवत नव्हतं. वंदना झाली, लोक बोलले, जेवणं झाली. मिलिंद दोन आठवडे राहिला आणि बहुतेक वेळ बाबांच्या खुर्चीशेजारी खाली बसून होता. खुर्चीवर बसला नाही. जाताना त्याने विचारलं, "ताई, आता तू तिकडे येतेस का थोडे दिवस?" मी म्हणाले, पाहू. खरं तर मला कुठेच जायचं नाही. मला वाटलं होतं बाबा गेल्यावर मी खूप झोपेन. तसं झालेलं नाही. पाचला डोळे उघडतात आणि मी पडून राहते, दाराकडे कान लावून.

परवा सकाळची गोष्ट. मी ड्युटीवर निघाले, दार ओढलं, घंटी वाजली. कुलूप लावून वळले तर समोर काकू अंगणात आलेल्या, हाताला कणीक तशीच. मी म्हणाले, "मीच आहे काकू."

"हाव," त्या म्हणाल्या. "मले मालूम आहे."

आणि तरी त्यांनी रस्त्याच्या टोकापर्यंत पाहिलं. मीही पाहिलं.